मिरेय

जन्माच्या अर्जात नावासाठी दोन रकाने असतात,
डावा इंग्रजी, उजवा मराठी.
डावा हर्षाली तांडेल घरूनच भरून आली होती:
एम, आय, आर, ई, आय, दोन एल, ई.
उजवा कोरा.
म्हणाली, तो तुम्ही भरा साहेब,
आमच्याकडे त्यावरून तीन दिवस धुसफूस चाललीय.

नवरा बोटीवर फिटर.
तो म्हणतो मिरेली.
त्याने हे नाव डोळ्यांनी पाहिलंय
मार्सेच्या इस्पितळात, पांढऱ्या कोटावर टाचलेल्या पट्टीवर,
एकशेचार तापात, सोळा रात्री.

ही म्हणते मिरेय.
हिने ते फक्त ऐकलंय,
वरळी कोळीवाड्यात, ओट्यावर बसून, फोन कानाला दाबून.
रोज रात्री साडेअकराला
मोडक्या इंग्रजीत एक बाई सांगायची,
आज थोडं खाल्लं. आज हसला.
आणि शेवटी आपलं नाव,
पत्राखाली सही करावी तसं.
"त्यातला र कसा सांगू, साहेब?
गुळणीचं पाणी घशाशी थबकतं ना,
तिथला."

सासू म्हणते मिरी.
तिखट निघेल पोर, निघू दे.

मग ऑफिसातही मतं निघालीच.
गंगावणे चहा ठेवता ठेवता म्हणाला,
मिरे झाली, दालचिनी कधी?
मुकादम मॅडमना हसू आलं नाही.
हजेरी घेताना बाई रोज अडखळणार, म्हणाल्या,
आणि अडखळणारं नाव
मुलीला हळूहळू शेवटच्या बाकावर नेतं.
त्यांचं पहिलं नाव काय, मला अकरा वर्षांत माहीत नाही.
रांगेतले एक गृहस्थ, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आलेले,
तेही पुढे वाकून म्हणाले,
ते दोन एल गाळा हो, फुकटचे आहेत.

फुकटचे.
तिथे माझं पेन अडलं.

कारण मी धुळप.
माझ्या ळ-ला त्या डाव्या रकान्यात अक्षरच नाही.
बँकेत, दवाखान्यात, भाच्याच्या लग्नाच्या हॉलवर
धुलप, धुलाप, एकदा तर डुलॅप,
आणि प्रत्येक वेळी मी हो म्हणून उठलोय.
माझ्याकडे आवाज आहे, त्याला अक्षर मिळत नाही.
आणि इथे दोन अक्षरं उभी, ताठ, पूर्ण उंचीची,
त्यांना आवाज नाही म्हणतात.
खरंच नाही?
ती म्हणते तेव्हा शेवटचा य जरा ओला राहतो,
तो बहुधा त्यांचाच.

"परत म्हणा."
मिरेय.
"परत."
दुपट्यातलं पोर जागं झालं,
मूठ सोडली, पुन्हा मिटली.
रांग चुळबुळली. मी खिडकीतून मान बाहेर काढून
दोन मिनिटं, असं म्हणालो,
जे आम्ही सगळ्यांनाच म्हणतो.

मि लिहिला, रे लिहिला.
य-चा पाय मोडायचा का, यावर आम्ही दोघं थांबलो.
नियमाने बघितलं तर मोडायला हवा,
उच्चार तिथे टेकत नाही, पुसट होऊन जातो.
नको, ती म्हणाली,
पाय राहू दे. चालायचंय तिला.

तेवढ्यात डर्बनहून नवऱ्याचा फोन आला.
तिने तो खिडकीच्या जाळीला लावला, सांगा त्याला.
मी सांगितलं.
पलीकडे समुद्राचा नाही, पंख्याचा आवाज.
"कोण बोलतंय?"
महानगरपालिका, म्हणालो.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, बरं. पण मी मिरेलीच म्हणणार.
म्हण, ती म्हणाली, ती ओ देईल.

रात्री बेसिनपाशी एकटाच गुळणी करून पाहिली.
र आला नाही, नुसतं पाणी सांडलं बनियनवर.
बायकोने आतून विचारलं,
घसा धरलाय का?
मिरी देऊ?